रंगांचा तक्ता बाजूला ठेवा: विद्यार्थ्यांना व्हिडिओ शिकवताना

व्हिडिओ बनवायला शिकवणाऱ्या कार्यशाळांत एक तक्ता हमखास वाटला जातो. लाल म्हणजे प्रेम किंवा राग, निळा म्हणजे दुःख, पिवळा म्हणजे आनंद, हिरवा म्हणजे निसर्ग, काळा म्हणजे मृत्यू. मुलं तो वहीत उतरवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी दुःखी नायकाला निळा शर्ट घालून आणतात. बघणाऱ्याला मात्र पडद्यावर निळा शर्ट घातलेला एक मुलगा दिसतो, बाकी काही नाही.

आपल्याकडे तर हा तक्ता फार लवकर उघडा पडतो. काळा अशुभ म्हणावा, तर संक्रांतीला बायका काळी चंद्रकळा नेसून हळदीकुंकवाला जातात. विधवेचा रंग पांढरा म्हणावा, तर शंभर वर्षांपूर्वीच्या ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या बाईच्या अंगावर तांबडं अलवण असे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला एकेक रंग दिलेला आहे. त्यात शृंगाराचा रंग श्याम आहे, लाल नाही. करुणाला कपोत, म्हणजे कबुतराच्या पंखाचा राखाडी. वीराला गौर, अद्भुताला पिवळा, बीभत्साला निळा. लाल गेला रौद्राकडे आणि काळा भयानकाकडे. हे दोन तक्ते शेजारी ठेवले तर लाल-राग, आणि फार तर मृत्यूचा काळा आणि भयाचा काळा, एवढंच काय ते जुळतं.

म्हणून रंगांना अर्थच नसतो असं कुणी समजू नये. हिरवा चुडा, भगवा झेंडा, निळा झेंडा, गुलालाने माखलेला शर्ट या गोष्टी बघणाऱ्याच्या मनात आधीपासून काहीतरी जागं करतात. फ्रेममध्ये बरा दिसतो म्हणून मागे निळा झेंडा लावणाऱ्या विद्यार्थ्याने नकळत केवढं मोठं विधान केलंय, हे त्याला शिक्षकाने सांगायलाच हवं. पण हे अर्थ समाजाने दिलेले आहेत. गावागणिक आणि पिढीगणिक ते फिरतात. तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये रंग काम करतो तो वेगळ्या वाटेने: तो कशाच्या शेजारी आहे, किती वेळा दिसला आणि कधी बदलला, यावर. एवढं मुलांना व्यवस्थित शिकवता येतं. फक्त ते शूटिंगच्या आधी शिकवावं लागतं. एडिटिंगला बसल्यावर फार उशीर झालेला असतो.

शेजाऱ्याचा प्रताप

पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा कारखाना आहे. भिंतीवर लावायची भलीमोठी विणलेली चित्रं तिथे तयार होत. १८२४ मध्ये तिथल्या रंगखात्याची जबाबदारी मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. तक्रार अशी होती की काळा धागा नीट रंगत नाही, निळ्या-जांभळ्या कामात तो फिका पडतो. शेव्रलने दुसरीकडचा काळा धागा आणून ताडून पाहिला. रंगात काहीच खोट नव्हती. शेजारी गडद निळा किंवा जांभळा आला की तोच काळा डोळ्याला मळकट वाटत होता. १८३९ मध्ये त्याने या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पुढच्या पिढीतल्या चित्रकारांनी तो आवर्जून वाचला.

वर्गात हे पाच मिनिटांत दाखवता येतं. एकाच राखाडी कागदाचे दोन चौकोन कापा. एक पोपटी कार्डशीटवर चिकटवा, दुसरा राणी रंगाच्या कार्डशीटवर. पोपटीवरचा राखाडी किंचित गुलाबीकडे झुकलेला दिसतो, राणी रंगावरचा हिरवटाकडे. मुलं हटकून म्हणतात की कागद वेगवेगळे आहेत. मग त्याच राखाडी कागदाची पट्टी दोन्ही चौकोनांना जोडून ठेवायची आणि गप्प बसायचं.

यानंतर सांगायची गोष्ट थोडी किचकट आहे, पण ती टाळू नये. आपण ज्याला सरसकट ‘रंग’ म्हणतो त्यात तीन गोष्टी असतात. पहिली छटा: लाल की निळा की हिरवा. दुसरी भडकपणा: तो रंग शुद्ध, झगझगीत आहे की त्यात राखाडी मिसळलाय. तिसरी उजळपणा: तो पांढऱ्याच्या जवळ आहे की काळ्याच्या. नवशिका फक्त छटा बघतो. डोळा मात्र बारकावे टिपताना सगळ्यात जास्त भिस्त उजळपणावर ठेवतो. ही गोष्ट इतकी पक्की आहे की फोनसुद्धा व्हिडिओ साठवताना तिचा फायदा घेतो. प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा तो स्वतंत्र नोंदवतो, पण रंगाची माहिती साधारणपणे चार ठिपक्यांत मिळून एकदाच. जागा वाचते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो फोनवर हिरव्या पडद्यासमोर शूट करून मागची पार्श्वभूमी बदलायला गेल्यावर. तेव्हा केसांच्या कडा कुरतडल्यासारख्या निघतात.

म्हणून रंग शिकवायची सुरुवात मी कृष्णधवल चित्रापासून करायला सांगेन. मुलांनी फोनवर काढलेला फोटो कृष्णधवल करून बघायचा. लाल स्वेटर घातलेली मुलगी हिरव्या झाडीसमोर उठून दिसत होती ना? आता बघा, स्वेटर आणि झाडी दोन्ही एकाच राखाडीत गेली. म्हणजे तिला वेगळं काढणारी एकच गोष्ट होती, छटा. प्रकाश जरा बदलला किंवा बघणाऱ्याला लाल-हिरवा फरक कळत नसला, तर ती गेली झाडीत. असा रंगांधळेपणा मुलग्यांत मुलींपेक्षा बराच जास्त आढळतो. त्यामुळे वर्गातही असं कुणी असू शकतं आणि त्याला लपवाछपवी करायला लागू नये. फ्रेममधला उजेड-अंधार पारखायचं काम अशा विद्यार्थ्याकडे बिनधास्त द्यावं.

जुन्या लोकांना हे सक्तीने शिकावं लागलं होतं. मूकपटांच्या काळातल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश दिसतच नसे. लाल ओठ पडद्यावर काळे येत, निळं आकाश पांढरंफटक येई. सेटवर कोणता रंग लावला की पडद्यावर कोणता राखाडी उमटेल, हे डोक्यात ठेवून काम चाले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात आले, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली, आणि त्यांतले फत्तेलाल तर कलादिग्दर्शनासाठीच नावाजले. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली. त्याच वर्षी तिच्या ‘सैरंध्री’ या सिनेमाच्या रंगीत प्रती जर्मनीत प्रक्रिया करून काढायचा घाट घालण्यात आला, पण रंग मनासारखे आले नाहीत. प्रभातच्या त्याच जागेत १९६० मध्ये आजची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

उजेडाचाही रंग असतो

मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउज पीस घेणारी कोणतीही बाई कापड दुकानाच्या दाराशी नेऊन उन्हात बघते. आतल्या ट्यूबखाली जुळलेला चिंतामणी रंग बाहेर आल्यावर भलताच निघतो, हे तिला ठाऊक असतं. व्हिडिओ शिकणाऱ्या मुलांना हाच धडा कॅमेऱ्याच्या भाषेत समजावा लागतो.

उजेडाचा रंग केल्विन या एककात मोजतात. लोखंड तापवलं की आधी लालबुंद होतं, मग नारिंगी-पिवळं, आणि आणखी तापवलं तर पांढऱ्याकडे जातं. जितकं तापमान जास्त तितका प्रकाश निळ्याकडे सरकतो. त्यावरूनच हे माप आलं. पणतीचा उजेड साधारण १९०० केल्विन, जुन्या पिवळ्या बल्बचा २७००च्या आसपास, भर दुपारच्या उन्हाचा ५५००, ढगाळ आभाळाचा ६५०० किंवा वर, आणि निरभ्र दिवशी सावलीतला ७०००च्याही पुढे. मुलांचा इथे गोंधळ होतो, कारण आपण पिवळ्याला ‘उबदार’ म्हणतो आणि त्याचा आकडा मात्र लहान असतो. आकडा लहान तर उजेड पिवळट, मोठा तर निळसर, एवढं पाठ केलं तरी भागतं.

आपला डोळा हे सगळं आपोआप सावरून घेतो. पांढरा कागद पणतीजवळही पांढराच वाटतो. कॅमेऱ्याला ‘पांढरं म्हणजे हे’ असं सांगावं लागतं आणि त्याचंच नाव व्हाइट बॅलन्स. फोन तो अंदाजाने करतो. अंदाज असा, की समोरच्या चित्रातले सगळे रंग मिसळले तर साधारण राखाडी यायला हवा. बहुतेक वेळा हा अंदाज चालून जातो. पण जेजुरीला सोमवतीच्या गर्दीत फोन वर धरा. पायऱ्या, कमानी, माणसं, हवा, सगळं भंडाऱ्याने पिवळं. फोनला वाटतं की उजेडच पिवळा आहे, आणि तो त्यावर निळा चढवून ‘दुरुस्ती’ करतो. घरी येऊन बघावं तर सोन्याची जेजुरी मातकट झालेली. ज्योतिबाच्या डोंगरावर गुलालाची तीच गत होते. (हळद असो की गुलाल, पूड लेन्सवर आणि फोनच्या भोकांत जाते. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी रबराने बांधायची. लेन्ससमोरचं प्लास्टिक ताणून सपाट ठेवायचं.)

उपाय सोपा आहे. ऑटो बंद करायचं. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर तिथे, नसेल तर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा यांसारखं फुकट अ‍ॅप टाकून, केल्विनचा आकडा ठरवायचा आणि पूर्ण दृश्य संपेपर्यंत तो हलवायचा नाही. पांढरा कागद समोर धरून जुळवणी करता येते. पण झेरॉक्सच्या कागदात तो शुभ्र दिसावा म्हणून चमक आणणारी रसायनं असतात आणि तो किंचित निळा मारतो. राखाडी कार्ड मिळालं तर उत्तम. आकडा लॉक न करता शूट केलेल्या दृश्यात पात्र खिडकीसमोरून चाललं की भिंतीचा रंग मधेच बदलतो. एडिटिंगमध्ये ते निस्तरताना नाकीनऊ येतात.

तो आकडा गोष्टीसाठी मुद्दाम चुकीचाही ठेवता येतो. संध्याकाळच्या उरल्यासुरल्या उजेडात कॅमेरा ३२०० वर ठेवला की सगळं निळं होतं आणि खिडकीतला बल्ब तेवढा पिवळा राहतो. घराबाहेर उभ्या माणसाला आत जावंसं वाटतंय, हे संवादाशिवाय दिसतं. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. मग काही दिवस सगळ्यांच्याच फिल्म निळ्या येतात. चालायचंच.

वर्गात शूट करताना दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. पहिली ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण व्हिडिओत काळे पट्टे वरखाली सरकताना दिसतात. फोन मुळात सेकंदाला ३० फ्रेमवर ठेवलेला असतो. तो २५ वर आणायचा आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदाच्या ५०व्या किंवा १००व्या भागावर ठेवायचं, की पट्टे जातात. शिवाय स्वस्त एलईडीच्या प्रकाशात लाल भाग कमी असतो. त्यामुळे माणसं आजारी दिसतात आणि कुठलाही व्हाइट बॅलन्स ते पूर्ण भरून काढू शकत नाही. नसलेला रंग आणायचा कुठून? त्यापेक्षा दिवे बंद करून खिडकीजवळ बसावं.

दुसरी गोष्ट भिंती. शाळा-कॉलेजच्या भिंती पिस्ता, आकाशी, नाहीतर खालच्या अर्ध्या भागात गडद तेलरंगाच्या. भिंतीवर आपटून परत येणारा उजेड भिंतीचा रंग घेऊन येतो आणि गालावर पडतो. पिस्ता भिंतीला टेकून बसलेल्या मुलीची अर्धी हनुवटी हिरवट दिसली तर कॅमेऱ्याला दोष देऊ नये. तिला चार पावलं पुढे आणावं, किंवा भिंतीवर पांढरी चादर लावावी.

चेहऱ्याचा रंग

रंग शिकवताना सगळ्यात जास्त वेळ द्यायचा असेल तर इथे द्यावा. आपल्याकडे या विषयाला तांत्रिक बाजूइतकीच दुसरीही एक बाजू आहे आणि ती वर्गात सगळ्यांना माहीत असते.

बऱ्याच फोनमध्ये ब्युटी मोड आधीपासून चालू असतो. तो चेहरा गुळगुळीत आणि उजळ करतो, कुणी सांगितलेलं नसताना. पहिल्या तासाला सगळ्यांच्या फोनमधला तो बंद करवून घ्यावा. इथे मतभेदाला जागा नाही. गोष्टीतली सावळी मुलगी गोष्टीतही सावळीच दिसली पाहिजे.

यंत्रांचा हा कल आजचा नाही. फोटोच्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला कोडॅककडून नमुना कार्ड येत, त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. वर्षानुवर्षं त्यावर गोऱ्या बाईचाच फोटो असे. तिची कातडी नीट आली म्हणजे रंग नीट. गडद वर्णाच्या माणसांचे चेहरे त्यात बुडत. तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी तक्रार लाकडी फर्निचर आणि चॉकलेटवाल्या कंपन्यांनीही केली, तेव्हा तिच्याकडे जरा लवकर लक्ष गेलं, असं सांगतात. वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांची कार्डं रूढ व्हायला १९९०चं दशक उजाडलं.

आजच्या फोनमध्ये अडचण येते ती बहुतेक वेळा उजेडाच्या मोजमापाची. सावळा मुलगा, अंगात पांढरा युनिफॉर्म, मागे उघडी खिडकी. फोन सगळ्या चित्राची सरासरी काढतो, शर्ट आणि खिडकी सांभाळतो आणि चेहरा काळोखात ढकलतो. यावर ‘पावडर लाव’ हे उत्तर होऊ शकत नाही. मुलाला वळवून खिडकी त्याच्या बाजूला आणायची. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून उजेड लॉक करायचा. पांढऱ्या शर्टाऐवजी विटकरी, अंजिरी किंवा शेवाळी शर्ट घातला तर निम्मं काम तिथेच होतं. गडद कातडीवर उजेड सपाट टाकण्यापेक्षा एका बाजूने, मोठ्या पांढऱ्या पृष्ठभागावरून परतवून टाकला तर गालाचं हाड, कपाळ, घाम यांवर जी चकाकी येते ती बघण्यासारखी असते. थर्माकोलचा एक पांढरा तुकडा पुरतो.

एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेक्टरस्कोप नावाचं एक वर्तुळ असतं. मध्यापासून जितकं दूर तितका रंग भडक, आणि कोणत्या दिशेला आहे त्यावरून छटा कळते. लाल आणि पिवळ्याच्या मधून जाणारी एक रेघ त्यावर आखता येते. वर्गातल्या सगळ्यांचे हात एका ओळीत ठेवून शूट करा आणि ते चित्र व्हेक्टरस्कोपवर बघा. गोरा, गव्हाळ, निमगोरा, सावळा, काळा, सगळ्यांचे ठिपके त्या एकाच रेघेच्या आसपास पडतात. छटा जवळपास तीच असते, बदलतो तो मुख्यतः उजळपणा. मोठ्या पडद्यावर हे बघताना वर्ग जरा शांत होतो.

व्यावसायिक सिनेमात नारिंगी आणि निळसर-हिरवा यांची जोडी इतकी का दिसते, त्याचंही उत्तर इथेच आहे. माणसाची कातडी नारिंगीच्या पट्ट्यात बसते आणि रंगचक्रावर तिच्या बरोबर समोर निळसर-हिरवा येतो. पार्श्वभूमी तिकडे ढकलली की चेहरा पुढे येतो. युक्ती चांगली, पण आता वापरून वापरून चोथा झालेली.

एक रंग राखून ठेवा

आता गोष्ट. विद्यार्थ्यांना सराव म्हणून असं सांगता येईल: तीन मिनिटांची फिल्म करा, संवाद नको, आणि एक रंग असा निवडा जो मोजक्याच वेळा दिसेल. समजा गोष्ट अशी आहे. बारावी झालेली मुलगी गावाहून पुण्याला हॉस्टेलवर राहायला निघते. आई डबा एका डाळिंबी फडक्यात बांधून देते.

पहिलं दृश्य स्वयंपाकघराचं. विटकरी भिंत, पितळी डबे, पिवळा बल्ब, आईची आबोली साडी. सगळेच रंग एका कुळातले, त्यामुळे फडकं त्यात मिसळून जातं. बघणारा त्याची दखल घेत नाही आणि तेच हवं आहे. दुसरं दृश्य बसमध्ये. इथे कुणीतरी हात वर करून विचारेल की एसटीच लाल असते, मग फडकं दिसणार कसं? अगदी योग्य प्रश्न. एक तर बस बाहेरून दाखवूच नका. मांडीवर डबा, आणि खिडकीबाहेर पावसाळ्यातला हिरवागार डोंगर. लालसर रंगाशेजारी हिरवा आला की दोन्ही तरारतात. फडक्याकडे पहिल्यांदा लक्ष जातं ते इथे. तिसरं दृश्य हॉस्टेलच्या खोलीत. पिस्ता भिंत, पांढरी ट्यूब, लोखंडी कॉट, राखाडी चादर, आणि दांडीवर वाळत घातलेलं फडकं. अख्ख्या फ्रेममध्ये ऊब देणारा तेवढा एकच रंग. त्या कापडाचा अर्थ काय, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. कोणत्याही तक्त्यात डाळिंबी म्हणजे ‘घर’ असं लिहिलेलं नसतं. या फिल्मने तो अर्थ दीड मिनिटात तयार केला.

चौथ्या दृश्यात तेच फडकं विटलेलं दिसतं आणि मुलगी त्याने नव्या मैत्रिणीसाठी गरम पातेलं उचलते. ‘तीन महिन्यांनंतर’ अशी पाटी लावायची गरज उरत नाही. त्यासाठी कापडाचे दोन तुकडे लागतील. त्यातला एक आधीच गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन, कडक उन्हात टाकून विटवून ठेवायचा. सरावाची खरी मजा या तयारीत आहे.

राखून ठेवलेल्या रंगाचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे १९९३ चा ‘शिंडलर्स लिस्ट’. जवळपास पूर्ण कृष्णधवल सिनेमात एका लहान मुलीचा कोट तेवढा लाल आहे. पुढे तोच कोट प्रेतांच्या गाडीवर दिसतो. पहिल्या वेळी लाल रंगाने फक्त ‘हिला लक्षात ठेवा’ एवढं सांगितलेलं असतं, आणि दुसऱ्या वेळी आपण ती आठवण नाकारू शकत नाही. १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधल्या मुलीचे बूट मूळ पुस्तकात चांदीचे होते. नव्या रंगीत फिल्मवर पिवळ्या रस्त्यावर ते उठून दिसावेत म्हणून ते माणकासारखे लाल केले. कधी भावना, कधी निव्वळ दिसणं, दोन्ही कारणं चालतात. कारण असलं म्हणजे झालं.

हे सगळं कागदावर आणायला अ‍ॅनिमेशनवाले ‘कलर स्क्रिप्ट’ करतात: प्रत्येक दृश्यासाठी रंगाचे दोन-तीन ठिपके, एका लांब पट्टीवर क्रमाने. मुलांना चित्रकला येत नसली तरी बिघडत नाही. रंगाच्या दुकानातलं जुनं शेड कार्ड मागून आणायचं, तुकडे कापायचे आणि पट्टीवर चिकटवायचे. सगळ्या गटांच्या पट्ट्या भिंतीवर लावल्या की कोणाची गोष्ट रंगात पुढे सरकते आणि कोणाची जागच्या जागी उभी आहे, ते शूटिंगआधीच कळतं.

जाता जाता एक कुरकुर. विद्यार्थ्यांच्या गटात दिग्दर्शन आणि कॅमेरा यासाठी भांडणं होतात आणि आर्ट-कॉस्च्युम हे काम उरलेल्या मुलीकडे जातं, ‘तू घरून ओढणी घेऊन ये’ म्हणून. प्रत्यक्षात रंगाचे निम्म्याहून जास्त निर्णय तीच घेत असते. चादर कोणती, बादली कोणती, भिंतीवरचं कॅलेंडर काढायचं की ठेवायचं. तिचं नाव श्रेयनामावलीत दिग्दर्शकाच्या खालोखाल यायला हवं.

शेवटी सॉफ्टवेअर

एडिटिंगमधल्या रंगकामाचे दोन टप्पे आहेत आणि ते उलटे करू नयेत. आधी करेक्शन: सगळे शॉट एकाच वेळी, एकाच ठिकाणी घेतल्यासारखे दिसावेत म्हणून उजेड आणि व्हाइट बॅलन्स जुळवणं. मग ग्रेडिंग: पूर्ण फिल्मला एक कल देणं. मुलं पहिला टप्पा गाळून थेट फिल्टर टाकतात. मग वेगवेगळे शॉट त्या फिल्टरखाली वेगवेगळेच दिसतात.

ग्रेडिंगची ताकद किती, हे २००० साली ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या सिनेमाने दाखवून दिलं. अमेरिकेतल्या मिसिसिपीत ऐन उन्हाळ्यात, झाडं हिरवीगार असताना तो शूट झाला, आणि दिग्दर्शकांना हवा होता धुळकट, वाळलेला प्रदेश. पूर्ण सिनेमा संगणकावर नेऊन हिरव्याचा पिवळा केला गेला. हे ऐकून कुणी श्रावणात शूट करून चैत्र दाखवायचा बेत आखेल, तर त्याला फोनची मर्यादा सांगावी. सर्वसाधारण फोनचा व्हिडिओ ८ बिटचा असतो. लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख रंग. १० बिटमध्ये पायऱ्या १०२४ होतात आणि रंग १०७ कोटींवर जातात. पायऱ्या कमी असताना रंग फार ओढला की आकाशात पट्टे पडतात आणि चेहऱ्यावर डाग उमटतात. फोनच्या व्हिडिओला हलका हात लावावा. भडकपणाची पट्टी उजवीकडे ओढायचा मोह प्रत्येकाला होतो. तीच जरा डावीकडे नेली तर राखून ठेवलेला रंग अधिक बोलतो.

कॉम्प्युटर दणकट असेल तर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती या कामाला भरपूर झाली. नसेल तर व्हीएन किंवा काइनमास्टरवर निदान करेक्शन तरी होतं.

फिल्म तपासताना ‘रंग छान आहेत’ असा शेरा देऊन काही उपयोग नाही. फिल्म लावायच्या आधी गटाकडून एका वाक्यात लिहून घ्यावं की कोणता रंग कधी आणि का येतो. मग ज्यांनी ते वाक्य वाचलेलं नाही अशा दुसऱ्या गटाला फिल्म दाखवून विचारावं, कोणती वस्तू लक्षात राहिली? दोन्ही उत्तरं जुळली तर मार्क द्यावेत. नाही जुळली तर कुठे निसटलं ते कलर स्क्रिप्टच्या पट्टीवर शोधावं. बहुतेकदा राखून ठेवलेला रंग मागच्या एखाद्या बादलीत किंवा कुणाच्या तरी बॅगेत आधीच दिसून गेलेला असतो.

आणि हो, हॉलमधला प्रोजेक्टर रंग धुऊन टाकतो. आदल्या दिवशी जाऊन तिथे फिल्म लावून बघावी, पडदे ओढून घ्यावेत. पालक ती व्हॉट्सअ‍ॅपवर बघणार असतील तर दोन-तीन वेगवेगळ्या फोनवरही तपासावी, आणि तपासताना फोनचा स्क्रीन पिवळट करणारा नाइट मोड बंद आहे ना, तेही बघावं.